ईम्स लाउंज खुर्ची : एका चामडी आसनाची घडण, वय आणि कर्तृत्व

प्रस्तावना

विसाव्या शतकातील बहुतेक मोठ्या वास्तुविशारदांनी आयुष्यात एकदा तरी खुर्ची घडविण्याचा प्रयत्न केलेला आढळतो. भार, आधार, सांधे, साहित्य आणि माणसाच्या शरीराचे माप हे इमारतीचे सर्व प्रश्न खुर्चीत लहान आकारात एकवटलेले असतात, हे त्याचे एक कारण असावे. धातूच्या किंवा लाकडाच्या सांगाड्यावर चामड्याचे आसन अशी मांडणी असलेल्या काही खुर्च्या तर आधुनिक गृहसजावटीच्या खुणाच होऊन बसल्या. ल कोर्बुझिए, पिएर जानरे आणि शार्लोत पेरियाँ यांच्या १९२८-२९ मधील पोलादी नळ्यांच्या खुर्च्या, १९२९ च्या बार्सिलोना प्रदर्शनातील जर्मन दालनासाठी मीस व्हान डेर रोहे आणि लिली राइश यांनी केलेली खुर्ची, आर्ने याकोबसन यांनी कोपनहेगनमधील एका हॉटेलसाठी १९५८ मध्ये केलेली अंडाकृती खुर्ची ही त्यांतील काही परिचित उदाहरणे होत.

अशा जुन्या खुर्च्यांचा आज जगभर मोठा व्यापार चालतो. या व्यापारात 'व्हिंटेज' हे विशेषण सतत वापरले जाते. हा शब्द मुळात द्राक्षमद्याच्या व्यवसायातील आहे. मद्य कोणत्या वर्षीच्या हंगामातील द्राक्षांचे, हे त्यातून सांगितले जाई. शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूला सामान्यतः 'अँटिक' म्हणतात. 'व्हिंटेज' वस्तूचे वय त्याहून कमी असते, परंतु तिचा काळ आणि तिचा रचनाकार निश्चित असावा अशी अपेक्षा असते. म्हणजे ग्राहक दोनच प्रश्न विचारतो : खुर्ची केव्हाची आणि कोणाची? अमेरिकेतील चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९५६ च्या लाउंज खुर्चीच्या आधारे या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हे दोन्ही प्रश्न वरवर वाटतात तितके सरळ नाहीत, असे या खुर्चीचा इतिहास पाहता दिसून येते.

चार्ल्स आणि रे

चार्ल्स ईम्स यांचा जन्म १७ जून १९०७ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यातील सेंट लुइस येथे झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे शालेय वयातच त्यांना पोलाद कारखान्यात काम करावे लागले. पुढे सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले. मात्र पदवी न घेताच ते बाहेर पडले. मंदीच्या काळात छोटी-मोठी कामे करीत असताना त्यांची ओळख फिनलंडहून अमेरिकेत आलेले वास्तुविशारद एलिएल सारिनेन यांच्याशी झाली आणि १९३८ मध्ये ते मिशिगन राज्यातील क्रॅनब्रुक कला अकादमीत दाखल झाले. तेथे एलिएल यांचे पुत्र एरो सारिनेन त्यांचे मित्र व सहकारी बनले.

रे यांचे माहेरचे नाव बर्नीस अलेक्झांड्रा कायझर. त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९१२ रोजी कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे झाला. न्यूयॉर्कमध्ये हान्स हॉफमान यांच्याकडे त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले होते आणि अमेरिकेतील अमूर्त चित्रकारांच्या संघटनेत त्या सामील होत्या. १९४० मध्ये त्या क्रॅनब्रुकला आल्या. २० जून १९४१ रोजी दोघांचा विवाह झाला आणि लगेच ते लॉस एंजेलिसला राहावयास गेले. चार्ल्स वास्तुशास्त्राकडून आणि रे अमूर्त चित्रकलेकडून खुर्चीकडे वळल्या, ही बाब महत्त्वाची आहे. पुढे जी गोलाई त्यांच्या फर्निचरची ओळख ठरली तिच्यात रे यांची चित्रकाराची नजर किती आणि चार्ल्स यांची तांत्रिक हुशारी किती, हे वेगळे काढणे अशक्य आहे. तरीही दीर्घकाळ हे सर्व श्रेय एकाच नावाखाली जमा होत राहिले.

लाकूड वाकविण्याचा प्रश्न

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९४० मध्ये घरगुती फर्निचरच्या रचनेसाठी एक स्पर्धा आयोजित केली होती. चार्ल्स ईम्स आणि एरो सारिनेन यांना तीत दोन विभागांत प्रथम पारितोषिक मिळाले. त्यांची कल्पना अशी की, बसणाऱ्याच्या शरीराला मिळतेजुळते असे, सर्व दिशांनी वळलेले प्लायवुडचे एकसंध कवच तयार करावे, म्हणजे जाड गाद्यांची गरजच राहणार नाही. प्रत्यक्षात कवच वाकविताना लाकूड ठिकठिकाणी तडकले. ते तडे झाकण्यासाठी अखेर त्यावर कापड चढवावे लागले. पारितोषिक मिळाले, पण खुर्ची कारखान्यात काढता येईना.

हा पेच तांत्रिक होता. प्लायवुड म्हणजे लाकडाचे पातळ पदर एकमेकांवर आडवे-उभे ठेवून सरसाने चिकटविलेले फळकूट. एका दिशेने ते सहज वाकते. वाटीसारखा खोलगट आकार देऊ गेल्यास मात्र पदरांना एकाच वेळी दोन दिशांनी ताण बसतो आणि ते फाटतात. कागदाची नळी करता येते, परंतु चुण्या न पाडता त्याची वाटी करता येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

लॉस एंजेलिसमधील भाड्याच्या घरात या दांपत्याने स्वतःच एक यंत्र उभारले. प्लास्टरच्या साच्यावर सरस लावलेले पदर ठेवावयाचे, रबरी पडद्याने ते झाकावयाचे, सायकलच्या पंपाने हवा भरून दाब द्यावयाचा आणि विजेच्या तारांनी साचा तापवावयाचा, असा तो खटाटोप होता. या यंत्राला त्यांनी जादूगाराच्या मंत्रावरून 'कझाम' असे नाव दिले होते. चार्ल्स त्या काळात एका चित्रपट कंपनीत नेपथ्याच्या विभागात नोकरी करीत आणि रात्री घरी हे प्रयोग चालत.

त्यांतून निघालेले पहिले मोठे उत्पादन खुर्ची नव्हते. महायुद्धात जखमी सैनिकांच्या पायाला बांधल्या जाणाऱ्या धातूच्या पट्ट्या वाहून नेताना थरथरत आणि त्यामुळे जखम अधिकच बिघडे. १९४२ मध्ये ईम्स दांपत्याने प्लायवुडची हलकी पट्टी तयार केली. तिचा साचा चार्ल्स यांच्या स्वतःच्या पायावरून घेतलेला होता. अमेरिकेच्या नौदलाने ती स्वीकारली आणि युद्ध संपेपर्यंत अशा सुमारे दीड लाख पट्ट्या तयार झाल्या. या पट्टीवर जागोजागी भोके व चिरा दिसतात. त्या बांधपट्ट्या ओवण्यासाठी उपयोगी पडत हे खरे. परंतु लाकडावरचा दुहेरी ताण मोकळा करण्याचे कामही त्याच करीत. जेथे लाकूड फाटणार तेथे ते आधीच कापून ठेवावे, हा धडा येथे मिळाला.

युद्धानंतरच्या खुर्च्यांत हाच धडा वेगळ्या रीतीने उतरला. एकसंध कवचाचा हट्ट सोडून आसन आणि पाठ यांचे दोन स्वतंत्र तुकडे करण्यात आले, व ते सांगाड्याला रबरी गोल चकत्यांच्या साहाय्याने जोडण्यात आले. अशा प्लायवुडच्या खुर्च्या १९४५-४६ मध्ये बाजारात आल्या. १९९९ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने त्यांतील एकीला शतकातील सर्वोत्तम रचना ठरविले. मिशिगनमधील झीलंड गावच्या हर्मन मिलर या फर्निचर कंपनीने, तिचे रचना-संचालक जॉर्ज नेल्सन यांच्या आग्रहावरून, या खुर्च्यांची विक्री आणि नंतर निर्मिती स्वीकारली.

१९५६ ची खुर्ची आणि तिची घडण

लाउंज खुर्ची ही या दीर्घ प्रयोगांची श्रीमंत लेक म्हणावी लागेल. कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त लोकांना चांगली वस्तू मिळावी, हे ईम्स यांचे घोषित ध्येय होते. ही खुर्ची मात्र पहिल्या दिवसापासून महागच होती. जुन्या इंग्रजी क्लबांतील जाडजूड चामडी खुर्चीचा आराम आधुनिक हलक्या घडणीत आणावा, अशी त्यामागील कल्पना होती. तिचे रूप कसे असावे हे सांगताना चार्ल्स यांनी बेसबॉलमधील क्षेत्ररक्षकाच्या, वापरून मऊ पडलेल्या चामडी हातमोज्याचा दाखला दिला होता. आपल्याकडे त्यासाठी यष्टिरक्षकाचे जुने हातमोजे डोळ्यांसमोर आणावेत. कोऱ्या मोज्यात हात अवघडतो; वापरलेला मोजा हाताची वाटच पाहत असतो. रे यांनी चार्ल्स यांना लिहिलेल्या पत्रात ही खुर्ची आरामशीर दिसते आणि मुद्दाम 'डिझाइन' केल्यासारखी वाटत नाही, अशा अर्थाचा अभिप्राय दिला होता. पहिल्या खुर्च्यांपैकी एक त्यांचे स्नेही, चित्रपट दिग्दर्शक बिली वाइल्डर यांना मिळाली.

कंपनीच्या यादीत खुर्चीचा क्रमांक ६७० व पाय टेकण्याच्या बुटक्या आसनाचा, म्हणजे ऑटोमनचा, ६७१ आहे. खुर्चीत प्लायवुडची तीन कवचे आहेत : एक डोके टेकण्यासाठी, एक पाठीसाठी आणि एक बसण्यासाठी. ऑटोमनला चौथे कवच असते. सुरुवातीच्या कवचांत पाच पदर होते. पुढे ते सात झाले. बाहेरचा दर्शनी पदर ब्राझिली रोजवुडचा असे. डोक्याचे व पाठीचे कवच ॲल्युमिनियमच्या दोन आधारपट्ट्यांनी जोडलेले असते. पाठ आणि बैठक यांना जोडणारा दुवा म्हणजे खुर्चीचे दोन हात. हातांच्या आत लपलेल्या रबरी चकत्या पाठीच्या कवचाला आतून चिकटविलेल्या असतात. त्यामुळे बाहेरून लाकडावर एकही स्क्रू दिसत नाही आणि माणूस टेकला की पाठ किंचित लवते. बैठकीचा उतार सुमारे १५ अंशांवर कायम ठेवलेला आहे. खुर्ची पाच पायांच्या बैठकीवर स्वतःभोवती फिरते, पण मागे कलत नाही. ऑटोमनचे पाय चार असतात.

चामड्याच्या गाद्यांत या खुर्चीचे खरे मर्म आहे. एरवी चामडी खुर्चीत चामडे लाकडी चौकटीवर ताणून खिळ्यांनी ठोकलेले असते. ते फाटले की सारी खुर्ची उसवावी लागते. येथे प्रत्येक गादी स्वतंत्र आहे. तिला कडेने चेन असते आणि ती पाठीमागच्या खटक्यांनी कवचावर बसविली जाते. पाठीची आणि डोक्याची गादी एकाच मापाची असते. बैठकीची आणि ऑटोमनची गादीही एकाच मापाची असते. बैठकीची गादी दबली तर ऑटोमनची तिच्या जागी लावता येते. कारखान्यात मापे कमी ठेवण्याचा हिशेब त्यामागे असेलच. परंतु घरच्या माणसाला त्याचा लाभ अनेक वर्षे होतो.

ही सुटसुटीत जुळणी ईम्स यांना इतकी महत्त्वाची वाटे की, त्यांनी १९५६ मध्येच तिच्यावर दोनेक मिनिटांचा एक चित्रपट केला. त्याला एल्मर बर्नस्टाइन यांचे संगीत आहे. त्यात एक माणूस सुटे भाग जोडून खुर्ची उभी करतो आणि शेवटी ती पुन्हा सोडवून खोक्यात भरतो. बाकीच्या कंपन्या तयार खुर्चीचे मोहक चित्र दाखवीत असताना यांनी स्क्रू दाखविले, हे विशेष आहे.

चामड्याविषयी थोडेसे

मराठीत कातडे 'कमावणे' असा शब्दप्रयोग आहे. शरीर कमावतात, पैसा कमावतात, तसेच कातडेही. मूळ कच्चे कातडे ओले राहिल्यास कुजते आणि वाळल्यास ताठ होते. त्यातील कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांना वनस्पतिजन्य टॅनिनने किंवा क्रोमियमच्या क्षारांनी स्थिर केले की त्याचे चामडे होते. कोल्हापुरी वहाणांचे चामडे बाभळीची साल व हिरडा यांनी कमावण्याची परंपरा आहे. विसाव्या शतकातील गादीकामाचे चामडे बहुधा क्रोमियमने कमावलेले असते, त्यामुळे ते मऊ आणि लवचिक राहते.

असे चामडे वापराने उजळते, परंतु दुर्लक्षाने मरते. उन्हाने आणि कोरड्या उष्णतेने त्यातील स्निग्धांश उडतो आणि वळ्यांच्या जागी भेगा पडतात. हवा फार दमट असल्यास बुरशी येते. कोकणातील पावसाळ्यात पेटीत ठेवलेल्या वहाणा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगावयास नको. खुर्ची खिडकीपासून दूर ठेवणे, कोरड्या मऊ फडक्याने पुसणे आणि अधूनमधून चामड्यासाठीचे योग्य मलम अगदी थोडे लावणे, एवढीच निगा पुरते. चमक आणण्यासाठी खाद्यतेल चोळण्याचा घरगुती उपाय टाळलेला बरा. ते तेल कालांतराने खवट व चिकट होते आणि शिवणीच्या दोऱ्यालाही अपाय करते.

खुर्ची केव्हाची?

१९५६ पासून ही खुर्ची अखंडपणे तयार होत आली आहे. त्यामुळे 'ईम्स खुर्ची' म्हणून समोर आलेली वस्तू सत्तर वर्षांतील कोणत्याही वर्षाची असू शकते. जाणकार प्रथम खुर्ची उलटी करून पाहतात. बैठकीखालचे लेबल, हातांच्या खालचे स्क्रू (सुरुवातीच्या नगांत तीन, नंतर दोन), पायांखालच्या टेकणांचा प्रकार आणि पदरांची संख्या यांवरून काळ ठरविता येतो. सर्वांत जुन्या खुर्च्यांच्या गाद्यांत पिसे भरलेली असत. नंतर फोम आला. साम्य असलेल्या इतर कंपन्यांच्या खुर्च्याही बाजारात बऱ्याच आहेत. अमेरिकेतील प्लायक्राफ्ट कंपनीने त्याच काळात अशा धर्तीच्या खुर्च्या काढल्या आणि त्यांतील अनेक मागे कलतात. त्या आपल्या जागी चांगल्याही असतील, परंतु विक्रेता त्यांना ईम्स म्हणू लागला तर ग्राहकाने ती मागे कलवून पाहावी.

लाकडाचा पुरावा वेगळ्याच कारणाने महत्त्वाचा आहे. ब्राझिली रोजवुड हे आपल्याकडील शिसवीच्याच कुळातील लाकूड होय. शिसवीचे शास्त्रीय नाव डालबर्जिया लॅटिफोलिया, तर ब्राझिली वृक्षाचे डालबर्जिया नायग्रा. अतोनात तोडीमुळे हा वृक्ष दुर्मिळ झाला आणि १९९२ मध्ये वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात त्याचा समावेश झाला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस हर्मन मिलरने हे लाकूड वापरणे थांबविले आणि अक्रोड, चेरी आदी पर्याय आणले. जुनी रोजवुडची खुर्ची एका देशातून दुसऱ्या देशात न्यावयाची तर आज कागदपत्रांची पूर्तता करावी लागते. संग्राहकांच्या दृष्टीने याच लाकडामुळे तिची किंमत चढते. एका जंगलाची हानी आणि एका खुर्चीची किंमत यांचा संबंध असा थेट आहे, आणि विक्रीच्या जाहिरातींत त्याचा उल्लेख क्वचितच येतो.

वयाचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे त्या रबरी चकत्या. रबर काळाने कडक होते, सरसाची पकड सुटते आणि एखाद्या दिवशी माणूस पाठ टेकताच पाठीचे कवच निखळते. कित्येकदा चकतीबरोबर लाकडाचा पदरही उपटून येतो. घाईने लाकडाला आरपार भोक पाडून बोल्ट मारणारे दुरुस्तीकार सर्वत्र भेटतात. खुर्ची त्याने उभी राहते, पण तिची मूळ रचना कायमची बिघडते आणि किंमतही कोसळते. योग्य मार्ग म्हणजे जुनी चकती काढून नवी चिकटविणे. येथे एक मतभेद नोंदविणे आवश्यक आहे. मूळ चकत्या, मूळ गाद्या, मूळ पिसे यांसह जी खुर्ची कधी उघडलीच नाही तीच खरी, असे काही संग्राहक मानतात. प्रस्तुत लेखकास हे मत मान्य नाही. जी वस्तू सुटी करून दाखविण्यासाठी तिच्या निर्मात्यांनी चित्रपट काढला, तिच्यातील झिजलेला भाग बदलणे हा तिच्या मूळ योजनेचाच भाग मानला पाहिजे. जुन्या चकत्यांची खुर्ची कोपऱ्यात दोरी लावून ठेवण्यापेक्षा नव्या चकत्यांवर कोणी बसलेले अधिक योग्य होय.

खुर्ची कोणाची?

मार्च १९५६ मध्ये एनबीसी दूरचित्रवाणीवरील 'होम' या कार्यक्रमात ही खुर्ची प्रथम लोकांसमोर आली. सूत्रसंचालिका आर्लीन फ्रान्सिस यांनी आधी चार्ल्स यांचा परिचय करून दिला. रे नंतर आल्या, त्याही यशस्वी पुरुषामागे असणाऱ्या कर्तबगार स्त्रीच्या रूपात. याच्या दहा वर्षे आधी, १९४६ मध्ये, आधुनिक कला संग्रहालयाने भरविलेले प्लायवुड फर्निचरचे प्रदर्शन केवळ चार्ल्स ईम्स यांच्या नावाने झाले होते. त्यात रे यांचे नाव नव्हते; साच्यांपासून सांध्यांपर्यंत राबलेल्या हॅरी बर्टोया आदी सहकाऱ्यांचेही नव्हते. बर्टोया पुढे तेथून बाहेर पडले आणि १९५० च्या दशकात नॉल कंपनीसाठी केलेल्या तारांच्या खुर्च्यांमुळे स्वतःच्या नावाने प्रसिद्ध झाले. लाउंज खुर्चीच्या विकासात डॉन आल्बिन्सन या सहकाऱ्याचा मोठा वाटा होता. सामान्य ग्राहकाला हे नाव आजही ठाऊक नसते. ईम्स यांच्या कार्यालयात काम केलेल्या मॅरिलिन न्यूहार्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांच्या ग्रंथात अशा सहकाऱ्यांच्या कामाची सविस्तर नोंद केली, तेव्हा चार्ल्स यांना जाऊन बत्तीस वर्षे झाली होती.

प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या खुर्च्यांतही हाच प्रकार दिसतो. पेरियाँ आणि लिली राइश यांची नावे अनेक दशके मागे राहिली. भारतातील उदाहरण चंडीगडचे आहे. तेथील सरकारी कार्यालयांसाठी पिएर जानरे यांच्या मार्गदर्शनाखाली सागवान, वेत आणि काही ठिकाणी चामडे वापरून केलेल्या खुर्च्या भंगार म्हणून विकल्या गेल्या आणि युरोप-अमेरिकेतील लिलावांत त्यांना प्रचंड किमती आल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या फर्निचरच्या विक्रीस मनाई करणारे आदेश दिले. लिलावाच्या सूचीत नाव जानरे यांचे असते. त्यांच्या सहकारी वास्तुविशारद युली चौधरी यांचे नाव कधी असते, कधी नसते. आणि ज्या स्थानिक सुतारांच्या हातून त्या खुर्च्या घडल्या त्यांची नावे कोठेच सापडत नाहीत. नावाला किंमत येते तेव्हा एकच नाव लागते, कारण दहा नावांची वस्तू विकणे कठीण असते.

तांब्याचा दाखला

ज्या चार्ल्स ईम्स यांच्या नावाभोवती हे सर्व घडले त्यांचे स्वतःचे मत या विषयावर काय होते, हे समजण्यास भारताशी आलेला त्यांचा संबंध उपयोगी पडतो. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भारतीय वस्त्रे आणि अलंकरणकलांचे प्रदर्शन भरले होते. ईम्स यांनी त्यावर चित्रपट केला आणि याच निमित्ताने पुपुल जयकर यांच्याशी त्यांचा परिचय झाला. पुढे भारत सरकारच्या निमंत्रणावरून, फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने, चार्ल्स व रे यांनी देशभर प्रवास केला आणि एप्रिल १९५८ मध्ये एक अहवाल सादर केला. त्यातून १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तिच्या घडणीत गौतम आणि गिरा साराभाई यांचा मोठा वाटा होता. जर्मनीतील उल्म येथे शिकून आलेले आणि अहमदाबादच्या संस्थेत अध्यापन केलेले सुधाकर नाडकर्णी यांनी पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ मध्ये सुरू झालेल्या औद्योगिक डिझाइन केंद्राची जडणघडण केली. महाराष्ट्रातील डिझाइन शिक्षणाचा एक धागा असा त्या अहवालापर्यंत पोचतो.

अहवालात ईम्स यांनी भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी सर्वाधिक प्रशंसा केली ती लोट्याची, म्हणजे आपल्या तांब्याची. तांब्याची रचना करावयाची झाल्यास कोणकोणते प्रश्न पडतील याची एक यादीच त्यांनी दिली आहे. त्यात पाणी किती मावावे, भरलेला व रिकामा असताना तोल कसा राहावा, डोक्यावर, कमरेवर किंवा हातात तो कसा बसावा, धार कशी पडावी, आतून साफ कसा करता यावा असे अनेक प्रश्न आहेत. कोणा एका माणसाने तांब्याची रचना केलेली नाही, पिढ्यानुपिढ्या असंख्य हातांनी केली आहे, असे त्यांनी स्पष्टपणे म्हटले आहे. लाउंज खुर्ची बाजारात येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. रोजवुड आणि चामड्याच्या महाग खुर्चीचा हा निर्माता निनावी पितळी भांड्यापुढे नम्र होतो, ही विसंगती म्हणावी की सुसंगती, याबद्दल दुमत होऊ शकेल. सायकलच्या पंपापासून नौदलाच्या पट्टीपर्यंत आणि तेथून रबरी चकतीपर्यंतचा प्रवास ज्याने अनेकांच्या साहाय्याने केला, त्याला तांब्याची जातकुळी ओळखू यावी यात आश्चर्य वाटत नाही.

त्या यादीतील एक प्रश्न आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे : वस्तू निकामी झाल्यावर तिच्या धातूचे काय मोल येईल? याला आपल्याकडे 'मोड' असा नेमका शब्द आहे. जुनी भांडी मोडीत देऊन नवी घेण्याची पद्धत घरोघर होती, आणि चेपलेला तांब्या वितळून पुन्हा तांब्या होई. लाउंज खुर्चीला अशी मोड जवळजवळ नाही. तिचे ॲल्युमिनियम वितळविता येईल, पण सरसाने चिकटविलेले पदर पुन्हा लाकूड होत नाहीत आणि भेगाळलेले चामडे पुन्हा कमावता येत नाही. तिला दुसरा जन्म नाही. जो एक आहे तोच एकेक भाग बदलून लांबवावा लागतो. म्हणूनच जुनी लाउंज खुर्ची विकत घेणाऱ्याने लेबल पाहण्याच्या आधी पाठीच्या कवचाला हात लावून ते हलते काय हे पाहावे, गादीची चेन उघडते काय ते तपासावे, आणि आपल्या गावात रबरी चकत्या नीट बसविणारा कारागीर आहे किंवा नाही याची चौकशी करावी.